मुक्काम पोस्ट लेक्सिंग्टन

टॅक्सीवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. ऑक्टोबर 1951. लेक्सिंग्टनच्या स्टेशनाबाहेर लख्ख ऊन पडलंय आणि तुम्ही मात्र ओव्हरकोटाची कॉलर कानापर्यंत ओढून उभे आहात. नाक गळतंय, डोळ्यांना पाणी येतंय, एक जांभई संपते न संपते तोच दुसरी येते. असे उतारू त्यानं पुष्कळ वाहिलेत. ‘नार्को ना?’ म्हणतो आणि तुमची बॅग मागे टाकतो.

शरीर आज उसनं घेतलंय, तेव्हा त्याची थोडी माहिती हवी. वय सव्वीस. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर, जिथे अर्ध्या अमेरिकेचे कपडे शिवले जातात, तिथे तुम्ही कटर आहात. कापडाचे थरावर थर रचून सुतभरही न चुकता कापणारा हात, म्हणून मालकानं बरंच सहन केलं. हेरॉइन आधी शनिवारी होतं, मग रोज झालं, मग दिवसातून चारदा. शेवटची पुडी सिनसिनाटी यायच्या आधी रेल्वेच्या संडासात संपवलीत. आईनं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त घरातले चांदीचे चमचे शेजारणीकडे ठेवायला दिले. ते कळलं त्या रात्री तुम्ही केंटकीला अर्ज लिहिलात.

गाव मागे पडतं. लीसटाउन पाइकच्या दोन्ही अंगांना घोड्यांचे स्टड फार्म आणि त्यांची लांबच लांब कुंपणं. मग हजारेक एकर शेतजमिनीत एकटीच उभी असलेली विटांची अवाढव्य इमारत दिसते. लांबून कॉलेज वाटतं. जवळ गेल्यावर खिडक्यांचे गज दिसतात, म्हणून तुरुंग वाटतो. आत शिरलं की जंतुनाशकाचा वास येतो, तो इस्पितळाचा. तिन्ही अंदाज बरोबर आहेत. कागदोपत्री हे ‘युनायटेड स्टेट्स पब्लिक हेल्थ सर्व्हिस हॉस्पिटल’. आधीचं नाव ‘नार्कोटिक फार्म’ होतं, ते सरकारनं वर्षभरातच बदललं, पण लोकांच्या तोंडचं ‘नार्को’ कुणाला पुसता आलं नाही.

सरकारला हे कशाला सुचलं? 1914 च्या हॅरिसन कायद्यानं अफू, मॉर्फिन आणि कोकेनवर नोंदणी आली, कर आला. 1919 साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं की, व्यसनी माणसाला नुसतं बरं वाटत राहावं म्हणून मॉर्फिन लिहून देणं हा औषधोपचार नव्हे. डॉक्टरांनी हात आखडले. काही शहरांनी अशा लोकांसाठी दवाखाने काढले होते, तेही पुढच्या चार-पाच वर्षांत बंद पाडले गेले. मग हे पेशंट गेले कुठे? तुरुंगात. फेडरल तुरुंग त्यांनी इतके भरले की तुरुंगवाल्यांनीच ओरड सुरू केली, आणि 1929 साली काँग्रेसमन स्टीफन पोर्टर यांच्या कायद्यानं दोन ‘फार्म’ मंजूर झाले. लेक्सिंग्टनचं 25 मे 1935 ला उघडलं, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचं 1938 साली. दयाबुद्धी होती, नाही असं नाही. लेक्सिंग्टनचे पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब हे, व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, असं उघड म्हणणारे गृहस्थ होते. पण वीट रचली गेली ती तुरुंगातल्या दाटीमुळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आतल्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा उलगडा होईल.

पहिली विचित्र गोष्ट भरतीच्या खोलीतच दिसते. तुमच्या पुढे बाकावर बसलेल्या माणसाच्या मनगटांवर बेड्यांचे वळ आहेत. त्याला मार्शल घेऊन आलाय. हेरॉइन विकताना सापडला, शिक्षा झाली, ती तो इथे भोगणार. तुम्ही स्वतःच्या पायांनी आलात, उद्या वाटलं तर सही करून जाऊ शकता. वॉर्ड मात्र एकच, कपडे तेच, ताट तेच. बायकांना 1941 पासून घेतात, त्यांची व्यवस्था वेगळी आहे. ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घेतात, नसतील त्याला फुकट. आणि स्वतःहून आलेल्यांची नावं गुप्त ठेवायची, असं कायदाच सांगतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी विचारलं तरी.

आता झडती. सगळे कपडे उतरवा. तोंड उघडा, जीभ वर करा, बोटं फाकवा, वाका, खोका. इथे लाजायला कुणाला वेळ नाही. तुमचा कोट ज्याच्या हातात आहे तो वॉर्डबॉय कॉलरच्या आतली शिवण अंगठ्यानं हळूहळू चाचपत नेतो, मग कफ, मग खालची दुमड, मग खांद्याचं पॅडिंग. तुम्ही जातीचे शिंपी, तुमच्या लगेच लक्षात येतं की याला कुणी शिकवलेलं नाही, हा अनुभवानं शिकलाय. अस्तर जिथे दुहेरी होतं तिथे तो थांबतो, तुमच्याकडे बघतो, पुन्हा चाचपतो. तिथे काही नाही. तुम्हीही ती जागा मनात धरली होतीत, पण गाडीतच धीर सुटला आणि तिथला मालही संपवलात. खरं ते हेच.

डॉक्टर विचारतात: काय घेता, किती, किती वर्षं, शेवटचं कधी? आणि तुम्ही आकडा फुगवता. सगळेच फुगवतात. जितका मोठा आकडा, तितका सुरुवातीचा डोस मोठा, असा हिशेब असतो. भाजीवालीनं चाळीस सांगायचे आणि गिऱ्हाइकानं पंचवीसवर आणायचे, तसं हे चालतं, फक्त इथे गिऱ्हाईकच भाव चढवतं. डॉक्टर मान हलवतात, लिहून घेतात आणि त्यावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. ते तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघतात, दंडावरचे केस बघतात. अंगावर काटा उभा राहिलाय का, घाम फुटलाय का, हात थरथरतोय का? शरीर खोटं बोलत नाही यावर या इस्पितळाचा फार विश्वास. इथल्याच डॉ. क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी 1930 च्या दशकात याचं गुणपत्रक बनवलं होतं: जांभईला एक गुण, अंगावरच्या काट्याला तीन, उलटीला पाच. परीक्षेत जास्त मार्क मिळवलेला विद्यार्थी सर्वांत दुःखी, अशी ही एकमेव परीक्षा असावी.

एक प्रश्न मात्र ते दोनदा विचारतात. झोपेच्या गोळ्या घेता का? बार्बिट्युरेट? इथे खोटं बोलू नका. हेरॉइन अचानक तोडलं तर माणसाला मेल्यासारखं वाटतं, पण धडधाकट माणूस सहसा मरत नाही. बार्बिट्युरेट अचानक तोडलं तर काही दिवसांतच फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉ. हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्याच वर्षी, 1950 साली, हे इथे नीट दाखवून दिलं. कसं दाखवलं ते पुढे येईल. तोवर डॉक्टर या गोळ्या बिनधास्त लिहून देत होते आणि ‘सवय लागते एवढंच’ म्हणत होते.

मग विथड्रॉअलचा वॉर्ड. आपल्याकडे मुंबई-पुण्याची पोरं ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती तुम्हाला आता लागणार. तुम्ही ऐकलेल्या गोष्टी न्यूयॉर्कच्या जेलमधल्या आहेत, जिथे माणसाला कोठडीत टाकून देतात आणि चार दिवसांनी फरशी धुतात. इथे तसं नाही. इथे डोलोफिनचं इंजेक्शन मिळतं. डोलोफिन म्हणजे मेथाडोन. महायुद्धापूर्वी जर्मनीत बनवलेलं, युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या हाती लागलेलं औषध. आधी इथे मॉर्फिनच कमी कमी करत देत. या तीन-चार वर्षांत असं लक्षात आलं की मॉर्फिनच्या जागी हे दिलं तर टर्की संथ येते, तिची धार बोथट होते. तेव्हा पहिल्या संध्याकाळी नर्सची सुई दंडात शिरते आणि पाऊण तासानं तुमचं नाक गळायचं थांबतं. गुंगी नाही, ती ओळखीची ऊब नाही, पण हातपाय तुमचे होतात. तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगता, ‘हे तर सोपं आहे.’ शिकागोचा आहे तो, पाचव्यांदा आलाय. म्हणतो, ‘पोरा, सुई बंद होईल त्या दिवशी बोल.’

डोस रोज उतरतो. आठवड्याभरात शून्य. आणि मग कळतं म्हातारा काय म्हणत होता. फार भयंकर काही होत नाही, हीच गंमत. ताप नाही, किंकाळ्या नाहीत. पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, अन्नाचा वास नको वाटतो. पायांच्या पोटऱ्यांत कुणीतरी आतून खाजवतंय असं वाटतं आणि पाय आपोआप झटकले जातात. चादर अंगावर घेतली तर उकडतं, काढली तर हुडहुडी भरते. झोप तर नाहीच. पहाटे तीनला अख्खा वॉर्ड जागा असतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच जागे आहोत. एक रात्र अशी, दुसरी अशी, तिसऱ्या रात्री कंटाळा हीच मुख्य व्यथा होऊन बसते. तुमच्या डोक्यात पुढच्या सत्तर वर्षांचं ज्ञान भरलंय, पण पोटऱ्यांना ते समजावता येत नाही.

दहाएक दिवसांत तुम्ही उठून बसता. भूक लागते, आणि लागते म्हणजे राक्षसासारखी. नार्कोचं जेवण चांगलं आहे हे शत्रूही मान्य करतात. दूध इथल्याच गोठ्यातलं, भाज्या इथल्याच शेतातल्या. लेखक विल्यम बरोज 1948 च्या जानेवारीत येऊन गेला, थोडक्या दिवसांत निघूनही गेला. त्याच्या ‘जंकी’त, 1953 साली तुम्हाला ती वाचायला मिळेल, या सगळ्याचं कोरडंठाक वर्णन आहे.

आता तुम्हाला इतर पेशंटांत सोडतात आणि काम देतात. कोल्बच्या पिढीची श्रद्धा अशी की शहरानं बिघडवलेला माणूस शेण, माती आणि ताजी हवा यांनी सुधारतो. त्यामुळे ब्रुकलिनचा खिसेकापू पहाटे उठून गाईंच्या धारा काढायला जातो, आणि गाय त्याला लाथ मारते. कुणी डुकरं बघतो, कुणी सुतारकामाला जातो, कुणी स्वयंपाकघरात बटाटे सोलतो. तुम्हाला अर्थातच शिवणखात्यात टाकतात. कातरी हातात देण्याआधी त्या माणसानं जरासं थांबून तुमच्याकडे पाहिलं, पण दिली. इस्पितळाला लागणारे कपडे कापायचे. भरड कापड, सोपा बेत, सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर कुणी तुमच्यासमोर आणायची हिंमत केली नसती. पहिल्या दिवशी हात थरथरतो आणि रेघ वाकडी जाते. आठवड्याभरात सरळ जाऊ लागते. माझ्या मते लेक्सिंग्टननं खरोखर काही दिलं असेल तर ते इथे, या टेबलावर. कुणी त्याला उपचार म्हणत नव्हतं, म्हणूनही असेल.

ज्याला उपचार म्हणत ते वीस मिनिटांत आटोपलं. मानसोपचार डॉक्टर तुमच्याएवढ्याच वयाचा, बोलायला सज्जन. वडील कसे होते, शाळा का सोडली, मुलींशी कसं जमतं? तो काहीतरी लिहितो, केसपेपरवर व्यक्तिमत्त्वदोषाचं एक लांब नाव पडतं आणि पुढचा पेशंट आत येतो. दोष त्याचा नाही. दीड हजार पेशंटांची सोय असलेल्या इमारतीत मनाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. पण जिथे नाव दिलं जातं आणि त्या नावाचं पुढे काही केलं जात नाही, तिथे ते नाव पेशंटच वापरू लागतात. ‘मी सायकोपाथ आहे, माझं काय होणार,’ असं छाती पुढे काढून सांगणारे तुम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये भेटतील.

त्या हॉलमध्ये काय बोलतात? एकच विषय. माल. कुठे शुद्ध मिळायचा, कुणाकडे उधारी चालायची, कोणता डॉक्टर प्रिस्क्रिप्शन फाडून द्यायचा, फिलाडेल्फियात गेलास तर कुणाला भेट. एका महिन्यात तुमच्याकडे सहा शहरांचे पत्ते जमतात. घरून निघताना एकाच शहराचे होते. आणि गंमत बघा, बोलता बोलता समोरच्याला जांभया येऊ लागतात. त्याचं नाक गळतं, डोळे पाणावतात. हा माणूस चार महिने स्वच्छ आहे, त्याच्या रक्तात औषधाचा कण नाही. मग ही टर्की कुठून आली? डॉ. एब्रहॅम विकलर नावाचे संशोधक इथेच आहेत, त्यांनी हे गटचर्चेत बसून टिपलं. व्यसन रक्तातून जातं, पण गोष्टींत, गल्लीत, वासात, मित्राच्या चेहऱ्यात राहतं; पावलोव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटावी तसं या माणसाचं शरीर विषय निघताच जुनी आजारपणं काढून बसतं. विकलरांनी हे 1948 पासून मांडलं. ते ज्या इमारतीत बसून लिहीत होते तिथल्या डिस्चार्जच्या टेबलावर मात्र त्याचा काही परिणाम दिसत नव्हता.

एक छोटी बैठक वेगळी आहे. ‘अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमस’. फेब्रुवारी 1947 मध्ये, दारूतून बाहेर पडलेल्या एका माणसाच्या आग्रहानं सुरू झाली. तिथेही मालाच्या गोष्टी निघतातच, पण शेवट वेगळा असतो: आणि मग मी काय गमावलं. बसणारे थोडे. कारण बाकीचे म्हणतात, कैद्यांना पॅरोल बोर्डावर छाप पाडायची असते म्हणून येतात. काही जण त्यासाठी येतही असतील. त्यांच्यातलेच काही शहरांत परतून स्वतःच्या बैठका काढू लागलेत, न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा.

संध्याकाळी थिएटर. तुम्हाला संगीतात गती नसेल तरी जा. इस्पितळानं वाद्यं घेऊन ठेवलीत आणि वाजवणारे फेडरल सरकारनं देशभरातून गोळा केलेत. जॅझवाल्यांत हेरॉइन इतकं पसरलंय की लेक्सिंग्टनचा बँड कुठल्याही नाइट क्लबला लाजवेल. चार वर्षांनी, 1955 साली, इथे सॉनी रॉलिन्स स्वतःहून येईल. 1959 साली चेट बेकर येईल. दोघांचं पुढे काय झालं ते वेगवेगळं आहे, आणि त्यातल्या एकाकडे आपल्याला परत यायचंय.

आता तो बंद दरवाजा. शिवणखात्यातल्या एका कैद्यानं तुम्हाला दाखवला. त्यामागे ‘अ‍ॅडिक्शन रिसर्च सेंटर’. तुम्हाला तिथे प्रवेश नाही, तुम्ही स्वतःहून आलेले. त्यांना लांब शिक्षेचे, वारंवार घसरलेले कैदी लागतात. नवं वेदनाशामक बाजारात यायच्या आधी त्याची चटक लागते का, हे तपासायचं. कोणावर? ज्यांना चटक म्हणजे काय ते पक्कं कळतं त्यांच्यावर. बार्बिट्युरेटचं सत्य असंच कळलं: पाच कैद्यांना महिनोन् महिने गोळ्या दिल्या, मग एका दिवशी बंद केल्या आणि फिट येताना पाहिलं. मोबदला? शिक्षेत सूट, किंवा खात्यावर जमा होणारं मॉर्फिन, हेरॉइन. हवं तेव्हा खिडकीशी जायचं आणि मागायचं. व्यसन सोडवायच्या इस्पितळात, व्यसनाच्याच नाण्यात पगार. पुढे इस्बेल एलएसडीवर वळतील, सीआयएच्या पैशानं, आणि काही माणसांना सलग 77 दिवस ते देतील. 1975 साली सिनेटच्या समितीपुढे हे सगळं उघड झालं तेव्हा लोक हादरले.

यावर ठाम मत देणं सोपं वाटतं. कैद्याला हेरॉइनचं आमिष दाखवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण अशी की त्या दरवाजामागे जे कळलं ते खोटं नव्हतं. झोपेच्या गोळ्या बंद करताना आज जी काळजी घेतली जाते ती तिथून आली. तुमच्या दंडातलं डोलोफिनसुद्धा. घोर अन्याय झाला म्हणून ज्ञान टाकून देता येत नाही आणि ज्ञान मिळालं म्हणून अन्याय धुतला जात नाही. त्या पाच जणांपैकी कुणाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. बहुधा म्हणाला असता की त्या महिन्यांत जेवण चांगलं होतं आणि खोली एकट्याला मिळाली.

चार आठवडे झाले. वजन वाढलंय, रंग परतलाय. आरशात बरा माणूस दिसतो, आणि नेमका तिथेच घात होतो. डॉक्टर म्हणतात, निदान चार-सहा महिने राहा. तुम्ही म्हणता, मला काय झालंय? स्वतःहून आलेल्यांतले बहुतेक असेच निघतात. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असा एक कागद असतो, त्यावर सही केली की गज उघडतात. शिकागोच्या म्हाताऱ्यानं या खेपेला दुसरी युक्ती केली. याला इथे ‘ब्लूग्रास घेणं’ म्हणतात. केंटकीच्या कायद्यात अमली पदार्थांची सवय असणं हाच गुन्हा आहे. तेव्हा माणसानं जिल्हा कोर्टात जाऊन स्वतःच गुन्हा कबूल करायचा, वर्षाची शिक्षा घ्यायची, आणि न्यायाधीश ती अशा अटीवर थांबवून ठेवतात की डॉक्टर सोडेपर्यंत इस्पितळातून हलायचं नाही. स्वतःच्या उद्याच्या मनावर भरवसा नसलेल्या माणसानं आजच त्याला कुलूप लावायचं. म्हाताऱ्यानं लावलं. तुम्ही त्याचा निरोप घेतलात आणि सही केलीत.

गाडीत छान झोप लागते. न्यूयॉर्क येतं. स्टेशनावर काही होत नाही. सबवेत काही होत नाही. मग तुमच्या वस्तीतल्या थांब्याच्या पायऱ्या चढून वर आलात, कोपऱ्यावर तेच कँडीचं दुकान, तोच लाल दिवा, आणि पोटात एकदम मुरडा. जांभई. नाकातून पाणी. तीन आठवडे रक्तात काही नसताना अंगावर काटा उभा. तुम्हाला वाटतं, मी बरा झालोच नव्हतो. विकलरांनी हेच लिहून ठेवलं होतं, पण त्यांचा लेख कुणी तुमच्या खिशात टाकलेला नव्हता. दुकानासमोर तुमचा मित्र उभा आहे, तुमचे गाल बघून म्हणतो, ‘काय रे, तब्येत केलीस!’

इथे उसनं शरीर सोडा, पुढचं तुम्हाला भोगायची गरज नाही. तुमच्यानंतर लगेचच्या वर्षांत सुटलेल्या न्यूयॉर्कच्या 1,912 पेशंटांचा हंट आणि ओडोरॉफ या संशोधकांनी माग काढला, अहवाल 1962 साली छापला. 90 टक्क्यांहून जास्त माणसं पुन्हा व्यसनात, त्यांतली बहुतेक सहा महिन्यांच्या आत. हा आकडा पुढे सगळ्यांनी लेक्सिंग्टनच्या तोंडावर मारला. मला तो जरा अन्यायाचा वाटतो. इस्पितळानं जे कबूल केलं होतं, शरीरातून विष काढायचं, ते त्यानं काढलं, आणि बरंच माणुसकीनं काढलं. पण सातशे मैलांवरच्या त्या कोपऱ्यावर त्याचं कुणीच नव्हतं. ना नर्स, ना डॉक्टर, ना एखादं पोस्टकार्ड.

सॉनी रॉलिन्सनं काय केलं? 1955 साली बाहेर पडला तो न्यूयॉर्कला परतलाच नाही. शिकागोत राहिला, झाडलोटीची, राखणीची कामं केली, क्लबांपासून लांब. पुष्कळ दिवसांनी एका क्लबात मुद्दाम गेला, जुने मित्र भेटले, आग्रह झाला, आणि तो हात न लावता बाहेर आला. मग वर्षअखेरीस क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये दाखल झाला. चेट बेकर जुन्या वर्तुळात परतला. प्रतिभेत डावंउजवं करायचं काही कारण नाही, फरक पडला तो सुटल्यानंतर. जॉर्ज व्हेलंट या डॉक्टरांनी 1952 सालच्या 100 न्यूयॉर्ककरांना बारा वर्षं डोळ्यांखाली ठेवलं, त्यांनाही हेच दिसलं: नुसत्या इस्पितळाच्या मुक्कामानं फारसा फरक पडत नव्हता, ज्यांच्यावर सुटल्यानंतर वर्षभर पॅरोल अधिकाऱ्याचा डोळा होता ते जास्त टिकले. स्वतःहून आलेल्या सज्जनापेक्षा शिक्षा झालेला कैदी बरा राहिला! कुणीतरी दार वाजवत होतं म्हणून.

मारी निस्वान्डर ही तरुण डॉक्टर 1945-46 मध्ये लेक्सिंग्टनला नोकरीला होती. तिथून ती अस्वस्थ होऊन बाहेर पडली. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल यांच्याबरोबर तिनं तेच मेथाडोन हाती घेतलं, पण आठ दिवसांत बंद करायला नाही. रोज, महिनोन् महिने, पेशंटच्या राहत्या शहरात. आपल्याकडे 1986 साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. लं.च्या मदतीनं मुक्तांगण उघडलं, तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुडीनं मुंबई-पुणे पोखरायला सुरुवात केली होती. त्यांनी औषधापेक्षा जास्त भर ठेवला तो सुटलेल्या माणसांवर: बरे झालेलेच समुपदेशक, बायकोचीही बैठक, आणि परत गेल्यावर गावोगावी भेटीगाठी. लेक्सिंग्टनमध्ये 1974 साली व्यसनमुक्तीचं काम थांबलं, इमारत फेडरल तुरुंगाकडे गेली. त्या बंद दरवाजामागचं संशोधन काही वर्षं चालू राहिलं, आणि डोनाल्ड जसिन्स्की यांनी तिथे ब्युप्रेनॉर्फिन तपासलं, 1978 साली प्रसिद्ध केलं.

ते औषध आज आपल्याकडे आहे. सुईनं नशा घेणाऱ्यांसाठी सरकारी केंद्रांत ते जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या रूपात, नर्ससमोर देतात. पेशंटनं गोळी चोखायची नाही, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तोवर नर्स समोर उभी राहते, मग तोंड उघडायला सांगते, जीभ वर करायला सांगते. कारण गोळी गालात लपवून बाहेर नेणारे आणि विकणारेही असतात. रोज यायचं म्हटलं की कामाला उशीर होतो, मुकादम बोलतो. पेशंटांची ही ठरलेली तक्रार आहे.